सीताखाईचा फोटो कसा काढावा

गुरुजींनी आम्हाला वर्गात एक चित्र दाखवले. अमेरिकेतल्या युटा राज्यात आर्चेस नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे वाळवंटात लाल दगडाच्या मोठमोठ्या कमानी आहेत. गुरुजी म्हणाले, आपल्या तोरणमाळचे दगड काही कमी नाहीत, भित्तिपत्रकासाठी फोटो कोण आणेल? मी हात वर केला.

रविवारी दुपारी मामाबरोबर सीताखाईला गेलो. मामाच्या मोबाईलवर दहा फोटो काढले. घरी आईला दाखवले तर ती म्हणाली, "हे काय, राखेचा ढीग?" खरंच, सगळं करडं दिसत होतं. एवढी खोल खाई, पण फोटोत परसातल्या खड्ड्याएवढी! मला रडूच आलं.

मामा म्हणाला, चूक मोबाईलची नाही, वेळेची आहे. दुपारी ऊन डोक्यावरून येते, तेव्हा दगडाला सावली नसते. सावली नसली की खाच कुठली नि उंचवटा कुठला ते कळत नाही. ऊन तिरपे पाहिजे, म्हणजे सकाळचे नाहीतर संध्याकाळचे.

मग पुढच्या रविवारी पहाटे गेलो. आधी सगळे काळे होते. ऊन आले आणि कड्यावर आडव्या रेघा उमटल्या, जशा भाकरी एकावर एक ठेवाव्यात. मी इथेच राहतो, पण त्या कधी नीट बघितल्या नव्हत्या. गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांब भेगांतून तापलेला लाव्हा वाहत आला आणि थंड होऊन दगड झाला. पुन्हा आला, पुन्हा थर बसला. असे पुष्कळ वेळा झाले. दोन थरांत कधी कधी लाल मातीची रेघ असते, म्हणजे मधे बराच काळ गेला. आर्चेसचा दगड वाळूचा, आपला आगीचा. अजिंठ्याची लेणीसुद्धा आपल्यासारख्याच दगडात कोरली आहेत, बरं का!

वाळवंटात दगड बारा महिने उघडा असतो. आपल्याकडे पावसाळ्यात धुके आणि गवत. गवत वाळल्यावर थर चांगले दिसतात. धुक्यात मोबाईलच्या काचेवर दमट बसते, ती सुती फडक्याने पुसावी. मी सदऱ्याने पुसली, तर आणखी मळली.

आता एक गोष्ट सांगायची नव्हती, पण मामा म्हणाला लिही. फोटोत तळ यावा म्हणून मी पुढे पुढे सरकत होतो. मोबाईलमध्ये बघताना पाय कुठे पडतो ते दिसतच नाही. मामाने मागून कॉलर धरून ओढले. सदऱ्याची दोन बटणे तुटली. खाली बघितले तर कडा हातभर राहिला होता. मामा बराच वेळ बोलला नाही, त्याचा हात थरथरत होता. पाहुण्यांनो, तुम्हीपण दहा पावले मागेच थांबा. मागूनच फोटो चांगला येतो, कारण समोरचा कडा पूर्ण मावतो.

खाई केवढी ते कळायला फोटोत ओळखीचे काहीतरी पाहिजे, माणूस किंवा झाड. आम्हाला आयतीच एक मिळाली. फोटो खाली डकवला आहे. उजव्या कोपऱ्यात काळा ठिपका आहे तो शाईचा डाग नाही, बकरी आहे.