कॉलेजच्या 'जिमखान्याच्या सरां'वर संशोधन का अडतं?

शहापूर/मुरबाड : कॉलेजचा कबड्डीचा संघ कोण निवडतं? पोरं सांगतील, 'जिमखान्याचे सर'. कागदावर हे पद म्हणजे शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक. आपल्या मुलांना खेळायला काय मिळतं आणि कुठे अडतं, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. पण अभ्यासकाला ते त्यांच्याकडून काढून घेणं सोपं नाही.

अडचणी कोणत्या?

संख्या कमी : एका कॉलेजात असं पद साधारण एकच. तालुक्यात असे सर बोटावर मोजण्याइतके. चार-पाच जणांच्या उत्तरांवरून निष्कर्ष काढता येत नाही.

वेळ नाही : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू झाल्या की सर मैदानावर, नाहीतर संघासोबत प्रवासात. मग प्रवेश आणि परीक्षांची कामं. मोबाईलवर आलेला लांबलचक फॉर्म तसाच राहतो.

नाव लपत नाही : ही सगळ्यात नाजूक गोष्ट. फॉर्मवर नाव नसलं तरी 'मुरबाड तालुका, वीस वर्षं नोकरी' एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. मग 'मैदान नाही, निधी मिळत नाही' असं कोण लिहील? 'सर्व ठीक' लिहून मोकळं होणं सोपं.

संमती : मुलांनाही विचारायचं तर अकरावी-बारावीची बरीचशी अठराच्या आतली. त्यांच्यासाठी पालकांची परवानगी घ्यावी लागते.

आपला काय संबंध?

मुंबई-ठाण्यात कॉलेजं जवळजवळ, त्यामुळे माहिती गोळा करणं सोपं. पण तिथलं उत्तर इथे लागू होत नाही. मुरबाडला रेल्वे नाही. टोकावडे, धसईची मुलगी एसटीने येते. सराव संध्याकाळी ठेवला तर तिची गाडी चुकते, म्हणून ती खेळच सोडते. शहापुरात डोळखांबकडच्या मुलींचंही तेच. हे कुठे नोंदलंच गेलं नाही, तर सरावाची वेळ बदलणार कोण? नव्या शैक्षणिक धोरणात खेळालाही श्रेयांक आहेत, म्हणजे आता हा मार्कांचाही प्रश्न आहे.

मार्ग काय?

अभ्यासकांनी स्पर्धा संपल्यावर, प्रत्यक्ष भेटून, मोजकेच प्रश्न विचारावेत. ठाणे, पालघर, रायगडची उत्तरं एकत्र करून तालुक्याचं नाव छापू नये. पालकांनीही संमतीचा कागद आला तर वाचावा, शंका विचाराव्यात आणि पटलं तर सही करावी. आपल्या पोरांची अडचण त्यातूनच वरपर्यंत जाईल.