मांजराची लूत आणि घरातली खाज

घाटकोपर, मुलुंडच्या वस्त्यांत मांजर घरात येते उंदरांमुळे आणि राहते मुलांमुळे. एका खोलीच्या संसारात ते पोरांच्या पांघरुणातच झोपते. मग कधी मांजराच्या कानावर खपल्या धरतात, पोराच्या हातावर पुरळ उठते, आणि मोठी माणसे म्हणतात, सोडून या त्याला लांब कुठेतरी. तसे करण्याआधी एवढे वाचावे, ही आमची विनंती.

हा आजार बारीक किड्यांचा आहे, करणीबिरणीचा नाही. एक जात कानाच्या आत राहते. मांजर सारखे डोके झटकते, कान खाजवते, आणि कानात चहाच्या भुकटीसारखा काळपट मळ साचतो. खाजवून खाजवून कानाची पाळी रक्त साकळून फुगते, तेव्हा कुठे आपले लक्ष जाते. दुसरी जात कातडीत बिळे करते. हीच लूत. ती कानाच्या कडेपासून सुरू होते, तोंडावर पसरते, मग पंजांवर जाते. कातडी जाड, सुरकुतलेली, राखाडी होते.

आता घरगुती उपायांविषयी. रॉकेल, फिनाईल, डेटॉल यांतले काहीही मांजराला लावू नये. मांजर स्वतःचे अंग चाटते, म्हणजे लावलेले सगळे पोटात जाते, आणि फिनाईलसारखी द्रव्ये त्याच्या यकृताला पचवता येत नाहीत. त्याहून मोठा धोका आपल्या कपाटातच असतो. माणसाच्या खरजेवर मिळणाऱ्या मलमात बहुधा परमेथ्रिन असते. आपल्याला ते चालते. मांजराला त्याने थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. कुत्र्याच्या गोचिडांच्या काही औषधांतही तेच असते. चुकून लावले गेलेच तर कोमट पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

खरा इलाज अवघड नाही. सेलामेक्टिनचे थेंब मानेमागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून कातडीवर टाकतात. कधी डॉक्टर आयव्हरमेक्टिनची सुई देतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून पिल्लाला अंदाजाने काही देऊ नये. अंड्यापासून पूर्ण वाढलेला किडा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. चार दिवसांत खाज थांबली म्हणून औषध सोडले, की राहिलेली अंडी फुटतात आणि पुन्हा तेच. घरात दोन मांजरे असतील तर दोघांनाही औषध हवे. शेजारणीचा बोका खिडकीतून येत असेल तर तिच्याशीही बोलावे. मांजराची गोधडी, पोराची चादर उकळत्या पाण्यात भिजवून धुवावी. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. निदान गरम पाणी तरी सोडू नये. नवे पिल्लू आणले तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत वेगळे ठेवावे.

मुलाच्या अंगावरचे पुरळ? मांजराचा किडा माणसाच्या कातडीवर वंश वाढवू शकत नाही. मांजर बरे झाले की काही आठवड्यांत पुरळ जाते. मात्र रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत फोड असतील, घरातल्या इतरांनाही तसेच होत असेल, तर ती माणसाची खरूज. मग दोष मांजराला न देता पालिकेच्या दवाखान्यात सगळ्यांनी एकदम जावे.

जवळ प्राण्यांचा डॉक्टर नसेल तर परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय आहे. १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच. मांजर झाकणाच्या टोपलीत, खाली जुने फडके घालून न्यावे. परतल्यावर ते फडके टाकून द्यावे.