चटणीचा दाणा निवडूनच घ्या

दसरा-दिवाळी उलटली की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. कोपीवर अंधारातच उठून भाकरी थापायची, मग कालवणाला वेळ कुठला? म्हणून पिठाच्या डब्याशेजारी कोरड्या चटणीचा डबा असतोच. भाकरीवर चटणी, वर तेलाची धार, की झालं जेवण.

पण घरोघर एक सवय आहे. चांगला दाणा बाजारात जातो आणि काळपट, सुरकुतलेला, बुरशी धरलेला दाणा चटणीत. "तिखटात सगळं खपतं," असं म्हणतात. चव खपते, विष खपत नाही. भुईमुगावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर जाते आणि भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमाभागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली होती. थोडे थोडे विष रोज पोटात गेले तर लगेच दिसत नाही, पण घात करतेच.

तेव्हा काळजी खळ्यापासूनच घ्यावी. ओल्या शेंगांचा ढीग लावू नये. शेंग हलवली की आत दाणा खुळखुळला पाहिजे, तोवर ऊन द्यावे. फुटक्या शेंगा वेगळ्या काढाव्यात. बुरशीचा दाणा जनावरालाही घालू नये, दुधातून ते विष घरातच परत येते.

आता चटणी. पाव किलो निवडलेले शेंगदाणे, जवस व कारळ प्रत्येकी १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, दोन चमचे जिरे, चार चमचे तिखट आणि चवीपुरते मीठ. प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगवेगळा भाजावा. जवस तडतडला, तीळ फुलले की उतरवावे. कारळाकडे लक्ष ठेवावे, करपले तर कडू होते. दाण्याची साले पाखडून टाकावीत. सगळे पूर्ण गार झाल्यावरच उखळात कुटावे. गरम असताना झाकण लावले तर वाफ धरते आणि चटणी बिघडते.

लसूण घातली तर चव वाढते, पण टिकाऊपणा घटतो. लसणाची चटणी आठ दिवसांपुरतीच करावी. कुटलेला जवसही लवकर खवट होतो. म्हणून लांबच्या मुक्कामाला भाजलेला जवस अखंड न्यावा आणि पंधरा दिवसांपुरताच कुटून चटणीत मिसळावा. डब्यात ओला चमचा घालू नये.

ग्रामसेवक, अंगणवाडी ताई आणि बचत गटांनी टोळ्या निघण्याआधी एवढे घरोघर सांगितले तरी पुष्कळ झाले. चार महिने ज्या डब्यावर पोरंबाळं जेवणार, त्यात सरस दाणाच पडला पाहिजे. नासका दाणा फेकताना जीव हळहळतो खरा, पण दवाखान्याच्या खर्चापुढे तो मूठभर दाणा काहीच नाही.