जहाज बघायला परदेशी जरूर जावे, पण आधी परळी बघावी

बीडचा माणूस समुद्राचे नाव काढतो तेव्हा ऐकणाऱ्याला हसू येते. आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यातदेखील बिंदुसरेला पाणी येईल की नाही याची चिंता असते. मुंबईचा समुद्र रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरहून दूर. तरीसुद्धा गेल्या काही वर्षांत आपल्या मोहल्ल्यांतली मुले मरीन इंजिनीअरिंगला जाऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या वाटेवर पैशाचे काही नवे प्रश्नही उभे राहत आहेत, आणि त्यांपैकी एक प्रश्न थेट आमच्या दुकानाच्या गादीवर येऊन बसला. व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून तो येथे मांडतो.

आमच्या ओळखीचे एक लेथवाले आहेत. आयुष्यभर शाफ्ट, बुश आणि पंपाचे सुटे भाग वळवून त्यांनी चार मुलांना शिकवले. धाकटा मरीन इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एके दिवशी दुपारी ते हातात कागद घेऊन आले. कॉलेजने परदेशी अभ्यास सहल काढली होती. दहा दिवस, जहाजाची इंजिने बनवणाऱ्या व जहाजे दुरुस्त करणाऱ्या कंपन्यांना भेटी, आणि खर्च दीड लाखाच्या वर. ते म्हणाले, "शेठ, बँकेचे व्याज मला नको. तुम्ही कर्ज-ए-हसना दिले तर दोन वर्षांत फेडतो. पोराच्या जिंदगीचा सवाल आहे."

पैसे देण्यात आम्हाला अडचण नव्हती. अडचण वेगळीच होती. आम्ही तीस वर्षे कापड विकतो. सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथून माल आणतो. थान उलगडून, पोत हाताने बघून, धुऊन रंग जातो का हे पाहिल्याशिवाय सौदा करत नाही. मग दीड लाखाचा हा माल नुसत्या रंगीत कागदावरून कसा घ्यावा? आम्ही त्यांना म्हटले, "भाई, आठ दिवस द्या. चौकशी करू."

सुरतेहून आलेले घराणे

चौकशी करताना जुना इतिहास हाती लागला. तो वाचकांना सांगण्यासारखा आहे.

ज्या सुरतेहून आपण साड्या आणतो, त्याच सुरतेहून १७३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया नावाचे पारशी सुतार मुंबईला आले आणि त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीसाठी जहाजे बांधायला घेतली. पुढे दीडशे वर्षे या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानाची जहाजे बांधली. १८१७ मध्ये त्यांनी बांधलेले 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे.

पण काळ बदलला. शिडांची जागा वाफेच्या इंजिनाने घेतली. लाकडाचे काम कितीही उत्तम येत असले तरी इंजिन कळत नसेल तर धंदा हातचा जाणार, हे या घराण्याने वेळीच ओळखले. १८३८ मध्ये जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण चुलत भाऊ जहाजबांधणी शिकण्यासाठी विलायतेस गेले. चॅथम येथील सरकारी गोदीत त्यांनी काम शिकले. ते तेथे अडीच वर्षे राहिले, आणि जे पाहिले त्याचा रोजनामचा लिहून १८४१ मध्ये लंडनला पुस्तक छापले.

त्यांच्या पाठोपाठ १८३९ मध्ये त्याच घराण्यातील अर्देशीर करसेटजी वाडिया निघाले. तेव्हा सुवेझचा कालवा नव्हता, तो १८६९ मध्ये उघडला. अर्देशीर तांबड्या समुद्रातून सुवेझला आणि तेथून खुश्कीने मिसर ओलांडून पुढे गेले. आज ज्याला परदेशी अभ्यास दौरा म्हणतात, तसा मरीन इंजिनीअरिंगचा दौरा करणाऱ्या आपल्या पहिल्या माणसांत त्यांची गणना करावी लागेल. मात्र ते कोऱ्या पाटीने गेले नव्हते. १८३३ मध्ये त्यांनी 'इंडस' नावाची छोटी आगबोट तयार केली होती आणि १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या घरी गॅसचे दिवे लावून दाखवले होते. विलायतेत त्यांनी कारखान्यांमागून कारखाने पाहिले. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी मुंबईच्या वाफेच्या कारखान्यात ते मुख्य इंजिनीअर नेमले गेले आणि गोरे कामगार त्यांच्या हाताखाली आले. त्यावर काही इंग्रजांचा पोटशूळही उठला. कपड्याच्या धंद्यातल्या बंधूंना गंमत वाटेल, की मुंबईत शिलाई मशीन आणण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते.

या तिघांच्या प्रवासातून आम्ही तीन गोष्टी घेतल्या. पहिली, घरची गोदी पाहून, तेथे हात काळे करून मगच ते गेले. दुसरी, ते एक पक्का सवाल घेऊन गेले, तो म्हणजे वाफेचे इंजिन. तिसरी, जे पाहिले ते त्यांनी लिहून ठेवले.

कागदाची तपासणी

या तीन गोष्टी समोर ठेवून आम्ही तो सहलीचा कागद पुन्हा वाचला. दहा दिवसांपैकी कारखान्यांच्या वाट्याला दोन अर्धे दिवस होते. बाकी विमानतळ, बाजार, बागा आणि 'मोकळा वेळ'. त्या दोन कंपन्यांनी भेटीला लेखी मंजुरी दिली आहे का, असे विचारले तर "होऊन जाईल" असे उत्तर आले. व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळणार का, यावर कागद गप्प होता. सहल अभ्यासक्रमात सक्तीची आहे का, असे विचारल्यावर नाही म्हणून सांगण्यात आले.

आम्ही लेथवाल्या भाईंना म्हटले, "हा माल आम्ही आमच्या दुकानासाठी घेतला नसता. तुम्हाला कसा घ्या म्हणू?" त्यांनी मान हलवली. मुलगा मात्र नाराज झाला. तो आम्हाला म्हणाला, "चाचा, बाकीचे जातील आणि मी मागे राहीन. तुमच्या दुकानात बसून समुद्र कसा दिसणार?" त्याचे बोलणे आमच्या मनाला लागले. नाही म्हणणे सोपे असते. नाही म्हटल्यावर दुसरी वाट दाखवली नाही तर तो सल्ला अर्धाच राहतो.

घराजवळची गोदी

मग आम्ही त्यालाच विचारले, "बेटा, जहाजाच्या इंजिन खोलीत काय काय असते?" तो सांगत गेला. मुख्य डिझेल इंजिन, जनरेटर, बॉयलर, कंडेन्सर, पंप, व्हॉल्व्ह, पाणी गोडे करण्याचे यंत्र. आम्ही म्हटले, यातले निम्मे तर आपल्या जिल्ह्यात आहे.

परळीचे औष्णिक वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथे कोळसा जाळून वाफ करतात, वाफेवर टर्बाइन फिरते, आणि कंडेन्सरमध्ये वाफेचे पुन्हा पाणी होते. २०१३ च्या दुष्काळात पाणी न मिळाल्याने परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. कंडेन्सरला थंड पाण्याची गरज किती, हे बीडच्या मुलाला पुस्तकातून शिकवायला नको. जहाजावर हेच काम समुद्राचे पाणी करते. तेथे पाण्याचा तुटवडा नाही, पण खारे पाणी धातू खाते. म्हणून जहाजाच्या नळ्यांना आणि पंपांना वेगळे मिश्रधातू लागतात. ही गोष्ट लेथवाल्याच्या मुलाला एका वाक्यात कळली.

आपल्या साखर कारखान्यांतही बॉयलर आणि टर्बाइन आहेत. पुण्याला खडकीत किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना आहे. वालचंदनगरला नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्स बनले आहेत. मुंबईला माझगाव डॉक आहे. आता १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड शहराला रेल्वेही आली आहे, म्हणजे मुलांना फिरण्याची आणखी एक सोय झाली.

मुलगा सुट्टीत प्रथम साखर कारखान्याच्या दुरुस्ती खात्यात उभा राहिला. नंतर मुंबईत आमच्या एका व्यापारी मित्राच्या ओळखीने जहाजांचे पंप दुरुस्त करणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये सहा आठवडे राहिला. मुक्काम नातलगांकडे. खर्च सहलीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. परत आला तेव्हा एक वही भरली होती. त्यात पंपांची चित्रे होती आणि प्रत्येक चित्राखाली तो भाग का बिघडला ते लिहिले होते. वडिलांनी ती वही चष्मा लावून वाचली आणि दोन ठिकाणी चूक काढली. बापलेकांत अशी चर्चा त्या घरी प्रथमच झाली असावी.

तरीही परदेश हवाच

याचा अर्थ परदेशी जाऊ नये असा कोणी घेऊ नये. कॉलेजच्या सहलीला गेलेला त्याचा एक मित्र परतल्यावर म्हणाला, "अर्धा दिवसच होता, पण तेवढ्यात जे पाहिले ते विसरणार नाही." त्याचे म्हणणे आम्हाला पटते. मोठ्या कंटेनर जहाजांसाठी बनलेले एकेक इंजिन १३ मीटरहून उंच आणि २३०० टन वजनाचे आहे. ते चित्रात बघणे वेगळे आणि खाली उभे राहून मान वर करणे वेगळे.

शिवाय आज पुन्हा १८३८ सारखीच वेळ आली आहे. १९१२ मध्ये डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला बांधलेल्या 'सेलांडिया' या जहाजाने डिझेलवर सागर ओलांडून दाखवला आणि वाफेचे दिवस सरू लागले. आता डिझेलच्या जोडीला नवे इंधन येत आहे. २०२३ मध्ये 'लॉरा मर्स्क' हे मिथेनॉलवर चालू शकणारे कंटेनर जहाज समुद्रात उतरले. ते कोरियात बांधले गेले. हे काम शिकायचे तर कोरिया, डेन्मार्क, फिनलंड, सिंगापूर बघावेच लागेल. फक्त सवाल घेऊन जावे.

पालकांनी ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

मरीन इंजिनीअरिंगच्या पदवीसाठी इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा असते. १२ वीला भौतिक, रसायन व गणित मिळून ६० टक्के आणि १० वी किंवा १२ वीला इंग्रजीत ५० टक्के गुण लागतात. आमचे स्वतःचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. इंग्रजीच्या भीतीने आमच्या वर्गातले कितीतरी हुशार मुलगे मागे पडले. उर्दू शाळांतील मुलांच्या इंग्रजीकडे ८ वीपासूनच लक्ष द्यावे.

डोळ्यांची तपासणी फी भरण्याआधी करून घ्यावी. रंगांधळेपणा असेल तर ही वाट बंद आहे.

जहाजावर नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. खलाशी भरती करणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेण्यास मनाई आहे.

'पढो परदेस' या केंद्राच्या योजनेचे नाव काही एजंट अजून घेतात. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी ही योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते. त्याच्या चालू अटी स्वतः कार्यालयात जाऊन विचाराव्यात.

आणि सहलीचा कागद आला तर पाच गोष्टी लेखी मागाव्यात: कंपन्यांची नावे, त्यांची मंजुरी, कारखान्यातले एकूण तास, सोबत येणारा शिक्षक, आणि पैसे परत मिळण्याच्या अटी.

आमची सूचना

प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी दहा-बारा व्यापारी एकत्र आले तर हुनर शिकणाऱ्या मुलांसाठी कर्ज-ए-हसनाचा एक छोटा फंड सहज उभा राहील. जकातीची रक्कम यात कितपत व कोणासाठी वापरता येईल ते उलमांना विचारून ठरवावे. मुलाने आधी परळी, पुणे, मुंबई बघावी, वही भरावी आणि आपला सवाल लिहून आणावा. मग फंडातून त्याला परदेशी पाठवावे.

कुरआनात हजरत नूह अलैहिस्सलाम यांच्या हातून कश्ती बनल्याचा उल्लेख आहे, आणि ती बनत असताना लोक हसत होते. बीडच्या मुलांवर कोणी हसले तर वाईट वाटून घेऊ नये.

लेथवाल्या भाईंचे दीड लाख आम्ही वेगळे काढून ठेवले आहेत. मुलगा सध्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा येऊन म्हणाला, "चाचा, सवाल सापडला. मिथेनॉलने पंपाचे सील लवकर खराब होतात का, ते मला कारखान्यात बघायचे आहे." आम्ही म्हटले, "कोणत्या कारखान्यात, किती दिवस, ते लिहून आण. इन्शाअल्लाह पैसे तयार आहेत."