ड्रॉइंगची फाईल उघडताच ऑटोकॅड बंद पडतंय? आधी हे करा



आयटीआयचा आरेखक ट्रेड असो की पॉलिटेक्निकचं सिव्हिल किंवा मेकॅनिकल, सबमिशनच्या आठवड्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. "सर, फाईल उघडली की ऑटोकॅड आपोआप बंद होतंय." तीन-चार आठवड्यांचा प्लॅन त्या एका फाईलमध्ये असतो. मग घाबरून मुलं फाईल पुन्हा पुन्हा उघडतात, जमेल तशी सेव्ह करतात, कुणी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतं, तर घरी कुणी सरळ कॉम्प्युटर फॉरमॅट करायला देतं. अशा वेळी फाईलच्या मूळ बिघाडापेक्षा या घाईनेच जास्त काम बुडतं. ते कसं, आणि त्याऐवजी काय करावं, हे क्रमाने पाहू.

फाईल बिघडते म्हणजे काय?

डीडब्ल्यूजी फाईल म्हणजे कागदाचा फोटो नव्हे. ती नोंदवहीसारखी असते. प्रत्येक रेषा, वर्तुळ, माप आणि अक्षर यांची वेगळी नोंद असते आणि प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक असतो. ही रेषा कोणत्या लेयरवर, हा दरवाजा कोणत्या ब्लॉकचा, हे त्या क्रमांकांवरून ठरतं. सेव्ह होत असतानाच लाईट गेली, पेन ड्राइव्ह मध्येच ओढला किंवा डिस्क भरली, तर काही नोंदी अर्धवट राहतात. ऑटोकॅड एखाद्या क्रमांकाच्या मागे जातं, तिथे काहीच सापडत नाही, आणि प्रोग्राम कोसळतो. म्हणजे बहुतेक वेळा वहीची दोन-चार पानं फाटलेली असतात, बाकी वही शाबूत असते.

पहिला नियम: सेव्ह करू नका, कॉपी करा

ऑटोकॅड प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची आवृत्ती त्याच नावाने, पण बीएके एक्स्टेन्शनने बाजूला ठेवतं. आता बिघडलेली फाईल कशीबशी उघडली आणि एकदा जरी सेव्ह केली, तरी बीएकेमध्ये तीच बिघडलेली आवृत्ती बसते.  चांगली प्रत गेली! म्हणून फाईल आणि तिच्या शेजारची बीएके फाईल, दोन्ही आधी वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या. पुढचे सगळे प्रयोग कॉपीवरच करायचे.

दोष फाईलचा की कॉम्प्युटरचा?

दोन साध्या चाचण्या करा. याच कॉम्प्युटरवर दुसरं ड्रॉइंग उघडून बघा. मग हेच ड्रॉइंग दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा.

- दुसरी ड्रॉइंगही इथे कोसळत असतील तर फाईलला हात लावू नका. 'ग्राफिक्सकॉन्फिग' कमांड देऊन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहा आणि ग्राफिक्स ड्रायव्हर तपासा.
- हे एकच ड्रॉइंग सगळीकडे कोसळत असेल तर दोष फाईलमध्ये आहे. सॉफ्टवेअर पुन्हा टाकून काही होणार नाही.
- फाईल उघडतच नसेल तर कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. पहिली सहा अक्षरं आवृत्ती सांगतात. एसी१०३२ म्हणजे ऑटोकॅड २०१८ मध्ये आलेलं स्वरूप, एसी१०२७ म्हणजे २०१३ चं. लॅबमधलं ऑटोकॅड जुनं आणि फाईल नवीन असेल तर ती बिघडलेली नाही; नव्या आवृत्तीतून जुन्या स्वरूपात सेव्ह करून आणायची, एवढंच. पण फाईल रिकामी असेल किंवा सुरुवातीला ही अक्षरंच नसतील, तर सरळ बीएकेकडे वळा.

दुरुस्तीचा क्रम

१. बीएके फाईल: विंडोजमध्ये एक्स्टेन्शन दिसत नसेल तर व्ह्यूमधून ते दिसेल असं करा. बीएकेच्या कॉपीचं एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूजी करा आणि उघडा. पुष्कळदा काम इथेच होतं.

२. ऑटोसेव्ह: ऑटोकॅड साधारण दर १० मिनिटांनी तात्पुरती प्रत ठेवतं. तिचं एक्स्टेन्शन एसव्ही आणि पुढे डॉलरचं चिन्ह असं असतं. ड्रॉइंग नीट बंद केलं की ही प्रत पुसली जाते, कोसळलं तर मागे राहते. 'ड्रॉइंगरिकव्हरी' कमांड दिली की यादी दिसते. लॅबमध्ये काही ठिकाणी कॉम्प्युटर बंद करताच तात्पुरत्या फाईली साफ होतात, आणि फॉरमॅट केल्यावर तर त्या जातातच. म्हणून ही प्रत शोधून होईपर्यंत कॉम्प्युटर बंद करू नका.

३. रिकव्हर: रिकामं ड्रॉइंग उघडून 'रिकव्हर' कमांड द्या आणि कॉपी निवडा. फाईल उघडत असेल तर 'ऑडिट' द्या आणि चुका दुरुस्त करू का, या प्रश्नाला 'येस' म्हणा. नंतर 'पर्ज'ने न वापरलेले लेयर आणि ब्लॉक काढून टाका.

४. इन्सर्ट: नवीन ड्रॉइंगमध्ये बिघडलेली कॉपी 'इन्सर्ट'ने ब्लॉक म्हणून आणा आणि 'एक्सप्लोड' करा. जुन्या फाईलचा काही कचरा मागेच राहतो.

५. अर्धं-अर्धं करणं: फाईल उघडते, पण झूम किंवा प्रिंट करताना कोसळते? अर्धे लेयर 'डब्ल्यूब्लॉक'ने वेगळ्या फाईलमध्ये काढा. कोणता अर्धा भाग कोसळतो ते बघा, मग त्याचे पुन्हा दोन भाग करा. १६ लेयर असतील तर ८, ४, २, १ अशा चार फेऱ्यांत दोषी लेयर सापडतो. फार बारीक स्केलचा हॅच किंवा इंटरनेटवरून उचललेला फर्निचरचा ब्लॉक असल्या ठिकाणी वारंवार सापडतो. वर्गात ही पद्धत मुद्दाम करून दाखवा. गणितातलं अर्धं करत जाणं इथे प्रत्यक्ष कामाला येतं.

फाईल उघडली, पण काम संपलं नाही

जी नोंद दुरुस्त होत नाही ती रिकव्हर आणि ऑडिट काढून टाकतात. म्हणजे "चुका शून्य" असा संदेश आला तरी एखादी भिंत किंवा माप गायब असू शकतं. जुनी प्रिंट किंवा पीडीएफ शेजारी ठेवून खोली-खोलीने ताडून बघा, मगच सबमिशनला द्या.

पुढच्या वेळेसाठी

काम नेहमी कॉम्प्युटरच्या डिस्कवर करावं, पेन ड्राइव्हवर थेट नको. झाल्यावर कॉपी करून पेन ड्राइव्ह रीतसर काढावा. रोज तारखेच्या नावाने वेगळी प्रत आणि आठवड्याला एक पीडीएफ ठेवावी. बीएके फाईली कचरा समजून पुसू नयेत.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी "फाईल गेली" म्हणाली तर तो बहाणा असेलच असं नाही. रागावण्याआधी एवढंच विचारा: "कॉपी केलीस का? बीएके बघितलीस का?" आणि शिक्षकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच एक तास देऊन हा क्रम करून घ्यावा, सबमिशनची वाट पाहू नये.