दिसलं नाही? मग जमलं!

ड्रॅगन, स्फोट, अंतराळयानं... व्हीएफएक्स म्हटलं की डोळ्यांसमोर हेच येतं ना? पण या करिअरचा श्रीगणेशा होतो तारा पुसण्यापासून. आणि खरी कसोटी लागते ती पुढची दहा वर्षं टिकून राहताना!

'तू व्हीएफएक्समध्ये? म्हणजे 'आरआरआर'मधला तो वाघ तूच केलास का रे?' माझ्या एका मित्राला प्रत्येक लग्नात कुठली तरी मावशी हा प्रश्न विचारतेच. तो नुसता हसतो. कारण खरं उत्तर फारच अनरोमॅण्टिक आहे. त्याने करिअरचं पहिलं वर्ष गोरेगावच्या एका स्टुडिओत हिरोंच्या कमरेला बांधलेल्या केबल्स पुसण्यात घालवलं. कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे होता. नाव लिहू का विचारलं, तर म्हणाला, 'नको गं, एनडीए आहे!' या फील्डमध्ये काम काय चाललंय हे घरच्यांनाही सांगता येत नाही. अनेक स्टुडिओंत मोबाइल बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि कामाच्या मशीनवर इंटरनेट नसतं. ऑफिसात बसून रील्स बघणाऱ्या तुम्हा-आम्हाला ही शिक्षाच वाटेल.

तर हे काम नेमकं असतं काय? थोडं गणित करू या. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम्स. म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटमध्ये 120. आता हिरोच्या मागचं आकाश बदलायचंय आणि मागे हिरवा पडदा नाही. मग हिरोला त्या चित्रातून कापून वेगळं काढायचं. डोकं वेगळं, दंड वेगळा, मनगट वेगळं, एकेक बोट वेगळं. हात जोरात हलला की कडा धूसर होते, ती धूसरच ठेवायची. आणि हिरॉइनचे केस वाऱ्यावर उडत असले, तर बॉस, आठवडा गेला! याला म्हणतात रोटो. तारा, माइक, ऐतिहासिक सिनेमातल्या गडावरचा विजेचा खांब पुसायचा तो पेंट. आणि कॅमेरा नेमका कसा फिरला हे कॉम्प्युटरला शोधून द्यायचं तो मॅचमूव्ह. हॉलिवूडच्या सिनेमांचं हे काम वर्षानुवर्षं मुंबई, चेन्नई, हैदराबाद, बंगळुरूत होत आलंय. आपल्याकडच्या बहुतेक पोरापोरींची एन्ट्री याच दारातून होते. 'तान्हाजी'मधला (2020) कोंढाणा उभा करायला मिळतो तो पुष्कळ नंतर.

पंचाईत अशी की हे काम चोख झालं तर कुणालाच दिसत नाही. दिसलं तर समजा, फसलं.

आधी डोळा, मग माऊस

'कुठलं सॉफ्टवेअर शिकू?' हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. माझ्या मित्राच्या मते हा चौथा प्रश्न असायला हवा. वेगवेगळे तुकडे एकत्र करून अख्खं चित्र खरं वाटायला लावतो तो कंपोझिटर. त्याला माहीत असावं लागतं, की दूरचा डोंगर जवळच्या झाडाइतका काळा कधीच नसतो, मधली हवा त्याला फिकट करते. ढगाळ दिवशी सावल्यांना धार नसते. पावसात हायवेवर गाडीच्या लाल दिव्याचं प्रतिबिंब लांबच लांब ओघळतं. सुरुवातीला त्याचा लीड त्याला चहाला खाली न्यायचा आणि समोरच्या काचेच्या बिल्डिंगकडे बघायला लावायचा. काचेत काय दिसतंय आणि काचेपलीकडे काय दिसतंय, सांग! ट्रेनिंग म्हणतात ते हे. फोटोग्राफी, स्केचिंग, नाटकाचं लायटिंग... यातलं काहीही केलेलं असेल, तर ते इथे कामी येतं.

खरं तर हा डोळा आपल्याकडे जुनाच आहे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (1913) आधी वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं चित्रित केलं होतं, 'अंकुराची वाढ' या छोट्या फिल्मसाठी. भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून! थोडक्यात, तो त्यांचा शोरील. आणि प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (1936) तुकोबांना घेऊन वैकुंठाला निघालेला गरुड आठवतोय? ज्या जागेत प्रभातचा स्टुडिओ होता, तिथेच आज पुण्याची एफटीआयआय आहे.

आता शोरीलबद्दल. लाखांत फी घेणाऱ्या इन्स्टिट्यूट्स गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या काही चांगल्याही आहेत. पण अॅडमिशनआधी त्यांच्या मागच्या बॅचची दोन मुलं स्वतः गाठा आणि आज कुठे आहेत ते विचारा. ब्रोशरवरच्या हसऱ्या चेहऱ्यांना विचारून उपयोग नाही. दरम्यान, ब्लेंडर पूर्ण फुकट आहे. लॅटव्हियाच्या 'फ्लो' या सिनेमाने 2025 मध्ये अॅनिमेशनचं ऑस्कर पटकावलं, तो ब्लेंडरमध्येच बनवलेला. न्यूक आणि हूदिनीच्याही शिकणाऱ्यांसाठी फुकट आवृत्त्या मिळतात. रील दीड-दोन मिनिटांच्या वर नको, सर्वांत भारी शॉट पहिला, आणि शॉटमधलं नेमकं काय तुम्ही केलंत ते स्पष्ट लिहा. क्लासमध्ये सगळ्यांनी मिळून केलेला तोच रोबो सगळ्यांच्या रीलमध्ये असतो, आणि निवडणाऱ्याने तो त्याच सकाळी आठ वेळा पाहिलेला असतो!

ऑस्कर आहे, पगार नाही

नोकरी मिळाली. पुढे? इथे जरा सीरियस व्हावं लागेल. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ ज्या र्‍हिदम अँड ह्यूज कंपनीने जिवंत केला, तिने फेब्रुवारी 2013 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याच महिन्यात त्याच कामाला ऑस्कर मिळालं! थिएटरबाहेर व्हीएफएक्सवाले निदर्शनं करत होते, आणि आत विजेत्याने कंपनीच्या हलाखीचा विषय काढताच भाषण बंद करायला संगीत वाजलं. या कंपनीची ऑफिसं मुंबई आणि हैदराबादलाही होती. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर ग्रुप कोसळला. 'द जंगल बुक' आणि '1917'साठी ऑस्कर मिळवणारी एमपीसी त्यातलीच. बंगळुरू-मुंबईतल्या हजारो जणांची नोकरी गेली. त्यांच्या कामात काहीच खोट नव्हती.

मग असं होतं का? स्टुडिओ बहुतेक वेळा ठरलेल्या रकमेत काम घेतो. दिग्दर्शकाचं मन सतरा वेळा बदललं, की जादा खर्च स्टुडिओच्या माथी. तो भरून निघतो रात्री जागून. माझा मित्र सलग तीन रविवार ऑफिसात होता, तेव्हा त्याच्या आईने मला फोन करून विचारलं होतं, 'खरंच काम असतं ना गं?' 2023 मध्ये हॉलिवूडच्या लेखक-कलाकारांचा संप झाला, तेव्हा तिकडची शूटिंग्ज थांबली आणि काही महिन्यांनी इकडचे डेस्क रिकामे झाले.

त्यात आता एआय. न्यूकमध्ये 2021 पासून 'कॉपीकॅट' नावाचं टूल आहे. मोजक्या फ्रेम्सचं रोटो तुम्ही करून दाखवायचं, बाकीच्यांचं ते शिकून करतं. म्हणजे वर ज्या दाराचं कौतुक केलं, तेच दार अरुंद होतंय. फक्त रोटोवर चार-पाच वर्षं काढण्याचे दिवस गेले, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. मित्राने दोन वर्षांत कंपोझिटिंगकडे उडी मारली, आणि आता रोज सकाळी तासभर पायथन शिकतो. कलाकार माणसाला कोडिंग म्हणजे डोक्याला शॉट! पण मशीनने बिघडवलेली कड ओळखून सुधारणारा माणूस अजून लागतोच, आणि तिथे पुन्हा डोळाच कामी येतो.

त्याने आणखीही एक केलं. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात टाकला. बाइकचं अपग्रेड रद्द. एनडीए मोडू नये म्हणून सिनेमा रिलीज झाला की रीलसाठी शॉट वापरायची परवानगी लेखी मागतो, तोंडी नाही. आणि नव्या इंटरव्ह्यूत तीन गोष्टी विचारतो: ओव्हरटाइमचे पैसे मिळतात का, प्रोजेक्ट संपल्यावर करार संपतो का, आणि एंड क्रेडिट्समध्ये नाव येणार का. गेल्या वेळी पहिल्या दोन्हींची उत्तरं ई-मेलवर आली. तिसऱ्यासाठी एचआरवाल्या मॅडम म्हणाल्या, 'क्लायंटला विचारून सांगते.'