नव्या गाडीतला ओरखडा

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

मे महिन्याच्या सुट्टीत मी सिल्वासाला मामांकडे गेले होते. आपल्या सीमाभागातल्या पुष्कळांना हे गाव नकाशात चटकन सापडत नाही, म्हणून थोडे सांगते. दादरा आणि नगर हवेली हा महाराष्ट्र व गुजरात यांच्या मध्ये अडकलेला छोटासा प्रदेश. १९५४ साली तो पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटला. त्या लढ्यात गायक सुधीर फडके यांच्यासारखी मराठी मंडळीही होती. २०२० पासून दमण व दीवसह तो एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. करसवलतींमुळे येथे कारखाने आले आणि कारखान्यांमागून नोकरीसाठी आपली माणसे आली. मामा त्यांतलेच एक. एका सुताच्या कारखान्यात ते हिशेबनीस आहेत.

मी पोहोचले त्याच आठवड्यात कारखान्याच्या शेठजींनी नवी मोटार आणली. किंमत साठ लाखांच्या वर. शहरातल्या शोरूममध्ये संध्याकाळी हार, पेढे, रिबीन, फोटो असा सगळा सोहळा झाला, आणि रात्री गाडी सिल्वासात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या आवारात पूजा होती. उन्हात दार उघडले आणि शेठजींचा चेहरा उतरला. चालकाच्या बाजूच्या दारावर लाकडी पट्टी होती, तिच्यावर दोन बोटे लांबीचा ओरखडा. छताच्या कापडावर कुणाच्या तरी तेलकट बोटांचे ठसे. मागच्या आसनाच्या चामड्याला एक सुरकुती.

"गाडी परत करा! पैसे परत मागा!" शेठजी गरजले.

मामांनी शांतपणे विचारले, "शेठ, ताबापावतीवर सही केव्हा केलीत?"

कालच केली होती. 'वाहन सुस्थितीत मिळाले' असे त्यावर छापलेलेच होते. गंमत अशी की याच शेठजींच्या कारखान्यात सुताची एक पेटीसुद्धा उघडून पाहिल्याशिवाय कुणी चलनावर सही करत नाही. तसा त्यांचाच हुकूम आहे!

वाचकांपैकी फारच थोडे जण साठ लाखांची गाडी घेतील हे मलाही कळते. पण वर्गात आम्ही माल विक्री कायदा, १९३० शिकतो तेव्हा उदाहरणे गव्हाच्या पोत्यांची असतात. तोच कायदा या दोन बोटांच्या ओरखड्याला लावून पाहिला, तर पुस्तकातली कलमे एकदम जिवंत होतात.

कलम १६ प्रमाणे, त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो 'व्यापारयोग्य दर्जाचा' असला पाहिजे अशी गर्भित अट असते. आता प्रश्न असा, की उत्तम धावणारी पण दारावर चरा असलेली गाडी व्यापारयोग्य म्हणायची की नाही? आपला कायदा ज्या इंग्रजी कायद्यावर बेतला आहे त्याच्या मायदेशी हा वाद अपील न्यायालयात गाजला. खटला नव्या रेंज रोव्हर गाडीचा होता. न्यायालयाचे म्हणणे असे पडले की गाडी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेते एवढ्याने भागत नाही. आराम, भरवसा, आणि बाहेरून व आतून तिच्या दिसण्याचा मालकाला वाटणारा अभिमान, हेही जमेस धरले पाहिजे. आणि गाडी जितकी महाग तितकी अपेक्षा मोठी. पुढे १९९४ मध्ये इंग्लंडने 'रूप व सफाई' आणि 'किरकोळ दोषांपासून मुक्तता' हे शब्द कायद्यातच घातले. आपल्याकडे मात्र १९३० चेच शब्द आहेत. इंग्रजी निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसतो, पण युक्तिवादाला तो उपयोगी पडतो.

खरी मेख याच कलमाच्या परंतुकात आहे. ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांच्यापुरती ही गर्भित अट उरत नाही. इंजिनातला दोष लपलेला असतो. ओरखडा डोळ्यांसमोर असतो. म्हणून अंतर्भागाच्या दोषात 'दोष आहे का' यापेक्षा 'तो केव्हा दाखवलात' हा प्रश्न भारी ठरतो. कलम ४१ ग्राहकाला तपासणीची वाजवी संधी देते. कलम ४२ सांगते की माल ठेवून घेऊन वाजवी वेळात नकार कळवला नाही, तर तो स्वीकारलाच असे समजावे. आणि एकदा स्वीकारला की कलम १३ प्रमाणे सर्वसाधारणपणे माल परत करता येत नाही, नुकसानभरपाईच मागता येते.

गोव्यातील एका ग्राहकाची गोष्ट येथे आठवते. २०११ मध्ये नवी म्हणून त्याला जी मोटार देऊ केली, ती २००९ ची निघाली आणि ६२२ किलोमीटर धावलेली होती. त्याने ताबाच घेतला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२१ मध्ये न्यायालयाने उत्पादक कंपनीला मोकळे केले, कारण कंपनी आणि विक्रेता यांच्यातले नाते मालक-मुनिमाचे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते, आणि विक्रेत्याच्या लबाडीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झाले नाही. तेव्हा तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही लिहावे, पण कुणाकडे काय मागायचे ते वेगवेगळे मांडावे. गाडी कोणत्या महिन्यात बनली हे विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना २१ मध्ये, लिहिलेले असते. ते आधी वाचावे.

तपासणीचे म्हणाल तर ती दिवसा, उघड्यावर आणि नोंदणीच्या आधी झाली पाहिजे. शोरूमच्या झगझगीत दिव्यांत सगळेच चकाकते. नोंदणी आपल्या नावे झाली की तीच गाडी दुसऱ्याला नवी म्हणून विकता येत नाही, त्यामुळे विक्रेता बदलून द्यायला तयार होत नाही. सिल्वासाची माणसे गाडी परमुलखातून आणतात, म्हणून त्यांना हे जास्तच सांभाळावे लागते. चकचकीत काळ्या प्लॅस्टिकवर कोरड्या फडक्यानेही बारीक चरे उठतात आणि कित्येकदा ते शोरूममधल्याच पुसणाऱ्या पोराच्या हातून उठलेले असतात. चामड्याचे निराळे. खऱ्या चामड्याला जनावराच्या अंगावरच्या खुणा आणि सुरकुत्या असायच्याच. टाका उसवला असेल किंवा रंग सोलत असेल, तर तो मात्र दोष.

आणखी एक गोष्ट मला कारखान्याच्या ड्रायव्हरकाकांनी दाखवली. आसनाच्या कडेला 'एअरबॅग' असे लिहिलेले छोटे लेबल होते. अपघातात आसनाची शिवण ठरलेल्या जागी फाटून ती पिशवी बाहेर यावी लागते. म्हणून सुरकुती काढायला गाडी नाक्यावरच्या गादीवाल्याकडे नेणे जिवावर बेतू शकते. आतल्या पट्ट्याही नाजूक खटक्यांवर बसवलेल्या असतात. एक चरा घालवायला अर्धा डॅशबोर्ड खोलला, तर पुढे जन्मभर खडखड ऐकावी लागण्याची भीती असते. चरा लहान असेल तर तो जागच्या जागी घासून-पुसून जातो का, हे आधी पाहणे शहाणपणाचे.

मामांनी त्याच दुपारी विक्रेत्याला ई-मेल लिहिला. तीन दोष, तीन छायाचित्रे, वेळ, किलोमीटरचा आकडा, आणि प्रत्येकासमोर मागणी. रागाचा शब्द एकही नाही. उत्तर आले ते मासलेवाईक होते : गाडी कंपनीच्या नावावर आहे, सबब आपण ग्राहकच नाही! हे ऐकून शेठजी जरा खचले. पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच मुद्दा एका मर्सिडीजच्या खटल्यात निकालात काढला आहे. गाडी कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतली होती आणि आतला मधला उंचवटा तापत असे. गाडीचा वापर नफा मिळवण्याशी थेट जोडलेला नसेल, तर केवळ कंपनीने घेतली म्हणून ती खरेदी व्यापारी ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले. मामांनी दुसऱ्या पत्रात हा निकाल घातला.

ग्राहक आयोगाकडे जायचे तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दोन वर्षांची मुदत असते आणि आपण राहतो तेथेच तक्रार करता येते. कोणता आयोग, हे दोषाच्या किमतीवर नव्हे तर मोजलेल्या किमतीवर ठरते. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, पुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. म्हणजे दोन बोटांच्या ओरखड्यासाठी शेठजींना थेट राज्य आयोगाची पायरी! पण सबंध गाडी बदलून मिळेल अशी आशा तेथेही धरू नये. २००६ मध्ये मारुतीच्या सदोष क्लचबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वॉरंटीप्रमाणे सदोष भाग बदलून द्यायचा, गाडी नव्हे. क्लचची ही कथा, तर पट्टीची काय?

आयोगापर्यंत जावे लागले नाही. दुसऱ्या पत्रानंतर विक्रेत्याचा माणूस स्वतः आला. छत साफ करून दिले. सुरकुती नैसर्गिक आहे म्हणाला. मामांना ते पटले, शेठजींना पटले नाही. पट्टी पाच आठवड्यांनी आली. तोवर मी परत आले होते, म्हणून बाकीचे मामांनी फोनवर सांगितले. खऱ्या लाकडाच्या पट्ट्या चारही दारांसाठी जुळवून, एकाच लाकडाच्या पापुद्र्यांतून काढलेल्या असतात. एकटी बदलली की तिच्या रेषा उरलेल्या तिघींशी जुळत नाहीत. ओरखडा गेला, पण नवी पट्टी किंचित पिवळसर दिसते. शेठजींनी आता चारही पट्ट्यांच्या संचासाठी तिसरे पत्र लिहायला सांगितले आहे, आणि मामा त्याचा मसुदा करत आहेत.